अर्थ लागतोय का?

तुमच्या गाडीची अँटेना नेमकी कुठे आहे? पार्किंगमध्ये न जाता सांगा बरं. नाही ना आठवत? आठवणार तरी कशी! हल्लीच्या गाड्यांमध्ये ती एक तर टपावर शार्कच्या पंखासारखी चिकटलेली असते, नाहीतर मागच्या काचेत बारीक तारेच्या रूपात लपलेली असते. आपण बसतो, फोन ब्लूटूथला जोडतो आणि सुटतो. अँटेना हा काय डोकं लावायचा विषय आहे? मलाही असंच वाटायचं. पण २०२३ च्या नोव्हेंबरात मी सलग तीन आठवडे दुसरा विचारच केला नाही. डेडलाइन्स बोंबलल्या, एका संपादकाने माझे फोन उचलणं बंद केलं आणि मी झोपेतही अँटेना बसवत होते.

त्याचं झालं असं...

ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईतली शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी मुदत संपून रस्त्यावरून उतरली. सगळीकडे त्यावर लिहून येत होतं. मलाही एक फीचर करायचं होतं. एका जुन्या टॅक्सीवाल्या काकांना मी टिपिकल प्रश्न विचारला, "सगळ्यात जास्त काय मिस कराल?" मला वाटलं, म्हणतील मीटर, नाहीतर स्टिअरिंगवरचा गिअर. ते म्हणाले, "रेडिओ. पॅसेंजर बोलला नाही तरी गाडी बोलायची."

परतीच्या शिवनेरीत ते वाक्य काही डोक्यातून जाईना. कारण आमच्या घरी अशीच एक गाडी आहे. फक्त ती बोलत नाही.

आजोबांची प्रीमियर पद्मिनी, डिसेंबर १९७८ ची. नंबर लावून, वाट बघून बघून घेतलेली. घरात तिला पद्मिनी कुणीच म्हणत नाही, फियाटच म्हणतात. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये ही गाडी आधी फियाट ११०० डिलाइट म्हणून बनायची, पद्मिनी हे बारसं सत्तरच्या दशकात झालं. इंजिन १०८९ सीसीचं, डॅशबोर्ड चक्क पत्र्याचा. आणि त्या डॅशबोर्डमध्ये दोन गोल बटणांचा एक रेडिओ. मी जन्माला आल्यापासून तो मुकाच. लहानपणी मला वाटायचं, ती बटणं शोभेची असतात.

आता यात लोच्या असा होता की, त्याच डिसेंबरात गाडीची आरसी रिन्यू करायची होती. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी हे करावंच लागतं. आणि आमची कोथरूडची सोसायटी रिडेव्हलपमेंटला निघालेली. मधली काही वर्षं भाड्याच्या घरात, आणि तिथे पार्किंग एकच. घरात गाड्या दोन. बाबाची छोटी हॅचबॅक आणि ही म्हातारी. कुठली जाणार हे उघड होतं. बाबाने एका गाडीवेड्या माणसाशी बोलणंही सुरू केलं होतं.

मी म्हटलं, जायच्या आधी एकदा तरी हिला बोलती करू.

रेडिओ काढून बुधवार पेठेत तपकीर गल्लीत नेला. तिथल्या एका काकांनी आतले वाळलेले कंडेन्सर बदलले. बाहेरची बटणं, काटा सगळं तसंच ठेवून आत एफएमचा छोटा बोर्डही बसवून दिला, कारण मूळ सेट फक्त मीडियम वेव्हचा. दुकानात तारेचा तुकडा लावल्याबरोबर सेट गायला लागला. मी खूश! ते म्हणाले, "सेट ठणठणीत आहे. अँटेना कुठंय?"

अँटेना नव्हतीच.

मग सुरू झाला माझा रिसर्च. मास कॉमला शिकवलेलं एकच वाक्य आयुष्यात उपयोगी पडतं, "आधी 'का' विचारा." तर, अँटेना बाहेरच का हवी? कारण जुनी गाडी म्हणजे पत्र्याचा डबा. बाहेरून येणारी रेडिओलहर हा डबा अडवतो. डॅशबोर्डच्या आत अँटेना लपवली तर तिला स्टेशन कमी आणि स्वतःच्याच इंजिनची खरखर जास्त ऐकू येते. मोबाइलवर एफएम लावताना इअरफोन खोचावे लागायचे, आठवतंय? त्यांची वायर हीच अँटेना असायची. हा तोच फंडा.

आणि लांबी किती? याचं गणित सोपं आहे. ३०० ला मेगाहर्ट्झने भागा, लहरीची लांबी मीटरमध्ये मिळते. पुण्याची विविध भारती १०१ वर, म्हणजे लहर २.९७ मीटरची. अँटेना तिच्या पाव लांबीची हवी, म्हणजे साधारण ७४ सेंटिमीटर. मोटारीच्या अँटेना अंदाजे तेवढ्याच का असतात, ते मला तेव्हा कळलं. आजोबांच्या काळात आकाशवाणी पुणे केंद्र मीडियम वेव्हवर ७९२ किलोहर्ट्झला लागायचं. त्या लहरीचा पाव भाग म्हणजे जवळजवळ ९५ मीटर! तीसेक मजल्यांची इमारत मडगार्डवर उभी करावी लागेल. म्हणून मीडियम वेव्हला गाडीची अँटेना कायमच आखूड पडते आणि जेवढी निघेल तेवढी पूर्ण बाहेर ओढावी लागते. तिने पकडलेला सिग्नल इतका इवलासा असतो की, केबल चुकीची असली तर तो केबलमध्येच मुरून जातो. त्यामुळे अँटेनासोबत आलेली केबल कापायची नाही आणि टीव्हीची केबल जोडून वाढवायची तर नाहीच नाही.

बाजारात पर्याय चिक्कार. काचेवर चिकटवायची पट्टी, जिच्यात अॅम्प्लिफायर असतो. भोक पाडायची भानगड नाही, पण अॅम्प्लिफायरला गाणं आणि खरखर यातला फरक कळत नाही. तो दोन्ही वाढवतो. मोटरवर आपोआप वर-खाली होणारी अँटेना. सॉलिड दिसते, पण मडगार्डच्या आत तिची मोटर आणि नळी मावली पाहिजे, आणि तिथे पावसाळाभर चाकाचा चिखल उडतो. टपाच्या पन्हळीला क्लॅम्पने लावायची अँटेना. ही मी खरंच आणून लावली. केबल दाराच्या रबरातून आत घेतली. दार नीट लागेना. आणि पन्हळीचा रंग खरवडल्याशिवाय ती धड चालेना. म्हणजे भोक टाळायला गेले आणि रंग घालवून बसले.

उरली ती साधी, हाताने ओढायची, स्टीलची, मडगार्डवर बसणारी. जुन्या गाडीला शोभेल अशी. स्वस्त आणि मस्त. फक्त एकच अट. मडगार्डला २२ मिलिमीटरचं भोक.

"भोक पाडायचं नाही," बाबा म्हणाला.

"अरे पण, बाबा..."

"ओरिजिनल गाडी आहे. नाही म्हणजे नाही."

माझा एक मित्र आहे, जुन्या गाड्यांनी झपाटलेला. तोही बाबाच्या बाजूने. म्हणाला, २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे गाडी पन्नास वर्षांहून जुनी झाली आणि चेसिस, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार नसला, की ती व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. "तुमची २०२८ ला पन्नास पूर्ण करेल. अशा गाडीला ड्रिल लावतेस?" मी म्हटलं, एका अँटेनाला कुणी मोठा फेरफार म्हणणार नाही. आणि ज्या गाडीला रेडिओ आहे, पण अँटेना नाही, ती कसली ओरिजिनल?

पण बाबाचं "नाही" मला नेहमीचं वाटलं नाही. बाबा तसा चिडत नाही. त्या दिवशी पेपर घेऊन आतल्या खोलीत निघून गेला.

शेवटी एका रविवारी मी नाना पेठेतल्या एका ऑटो इलेक्ट्रिशियन काकांना घरी बोलावलं. "नुसतं बघायला," असं बाबाला सांगून. काका पंचेचाळीस वर्षं हेच काम करतायत. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, बॉनेट उघडलं. म्हणाले, अँटेना ठिणगीच्या तारांपासून जितकी लांब तितकी बरी. जागा अशी हवी की खाली हात आणि पाना जाईल, चाक वळलं तरी केबलला लागणार नाही आणि केबल न ताणता सेटपर्यंत पोचेल. मग ते डाव्या मडगार्डपाशी थांबले. मागच्या कोपऱ्यावर बोटांनी टकटक केलं. पुन्हा केलं. खिशातून एक चुंबक काढून पत्र्याला लावलं. चिकटलं. दोन इंच मागे लावलं. खाली पडलं.

"साहेब," ते बाबाला म्हणाले, "इथे भोक आहेच की. मागून फायबर लावून पुट्टी भरलीय."

"माहीत आहे," बाबा म्हणाला.

मी बाबाकडे बघतच राहिले.

गोष्ट १९८५ ची. बाबा एकोणीस वर्षांचा. आजोबांना तो अण्णा म्हणायचा. दोन खोल्यांचं घर, त्यात सात माणसं. अण्णांना स्वतःची अशी एकच जागा होती, ती म्हणजे ही गाडी. संध्याकाळी बँकेतून आले की चहा घेऊन खाली जायचे, पार्किंगमध्ये गाडीत बसायचे आणि विविध भारती लावायचे. तासभर. त्या वेळात कुणी हाक मारायची नाही. त्यांचा एकच नियम होता, "गाडी लावली की आधी अँटेना खाली, मग चावी बाहेर." तीही टोकाला धरून दाबायची नाही, वाकते. बुडाशी दोन बोटांत धरून एकेक नळी आत सरकवायची.

जूनमधल्या एका रात्री बाबा न विचारता गाडी घेऊन मित्रांबरोबर लोणावळ्याला गेला. पहाटे परत आला. तेव्हा पार्किंगला ठेंगणी पत्र्याची शेड होती. अँटेना वरच राहिली होती.

"कट्कन आवाज आला," बाबा म्हणाला. "बुडापासून गेली."

"मग? आजोबा ओरडले?"

"नाही ना! ओरडले असते तर बरं झालं असतं. सकाळी खाली आले, बघितलं, तुकडा उचलून डिकीत ठेवला. एक शब्द नाही. आणि त्यानंतर रेडिओ कधीच लावला नाही. संध्याकाळी खाली जाणंही बंद. १९९१ मध्ये गाडीला रंग काढला, तेव्हा पेंटरने विचारलं, हे भोक ठेवायचं की बुजवायचं? अण्णा माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, सहा वर्षं झाली तरी यांच्या डोक्यातून गेलं नाही. मी म्हटलं, बुजवा."

आजोबा २००४ मध्ये गेले. तो विषय दोघांत पुन्हा निघाला नाही.

आजी खालीच प्लास्टिकच्या खुर्चीत उन्हाला बसली होती. आम्हाला वाटत होतं, तिला ऐकू येत नाहीये. ती एकदम म्हणाली, "माळ्यावर काळी ट्रंक आहे. तिच्यात बघ. ह्यांनी आणून ठेवली होती."

ट्रंकेत, जुन्या आरसीच्या आणि विम्याच्या कागदांखाली एक लांबट खोका होता. आत अँटेना. कोरी. केबल गुंडाळलेली, रबर वाळून कडक झालेलं. सोबत बुधवार पेठेतल्या दुकानाचं बिल. जुलै १९८५. अँटेना मोडली त्याच्या पुढच्याच महिन्यात.

"मग बसवली का नाही?" मी विचारलं.

"तू म्हणशील म्हणून," आजी माझ्याकडे नाही, बाबाकडे बघत म्हणाली. "एकदा 'अण्णा, बसवू या' म्हणाला असतास. वाट बघत होते. आणि तू पेंटरला म्हणालास, बुजवा. ह्यांना वाटलं, तुलाच तो विषय नकोय."

काका मोठ्या समजूतदारपणे हत्यारांच्या पिशवीत काहीतरी शोधायला लागले. बराच वेळ शोधत होते. बाबाने बिल घडी करून खिशात ठेवलं आणि म्हणाला, "काका, ड्रिल आणलंय ना?"

तर आता, कुणाला करायचं असेल तर पद्धत ऐका. भोकाभोवती मास्किंग टेप लावायची, म्हणजे रंगाचा टवका उडत नाही. सेंटर पंचने खूण करायची, नाहीतर ड्रिल घसरतं आणि बॉनेटपर्यंत ओरखडा काढतं. आधी बारीक बिट, मग मोठं, शेवटी गोल कानस. आमच्याकडे फक्त पुट्टी काढायची होती, पण तीही याच क्रमाने. कडेच्या उघड्या लोखंडाला गंज धरू नये म्हणून प्रायमर. वरून नवं रबर, खालून दात असलेली चकती आणि नट. केबल आत घेताना पत्र्याच्या भोकात रबरी बूच, नाहीतर पत्र्याची धार केबल कापते. आणि केबलला आत शिरण्याआधी खाली एक झोल ठेवायचा, म्हणजे पावसाचं पाणी तिथून टपकतं, गाडीत येत नाही.

एवढं सगळं केलं. बाबाने अँटेना ओढून वर केली. सेट सुरू केला. आणि... फस्स! नुसती खरखर, तिच्यामागे लांबून कुणीतरी गातंय असा भास.

माझा चेहरा पडला. अडतीस वर्षं जुनी अँटेना, गेली असेल आत.

काकांनी मीटर लावला. दांडी ते केबलच्या पिनचं टोक, बरोबर. दांडी ते बॉडी, संपर्क नाही, तेही बरोबर, असूच नये. मग केबलची बाहेरची जाळी ते बॉडी. इथे काटा शून्यावर यायला हवा होता. तो हललाच नाही.

"अर्थ लागत नाहीये," काका म्हणाले.

मी हसले. त्यांना कळेना का. मग त्यांनी समजावलं. अँटेना म्हणजे नुसती दांडी नाही. दांडी हा तिचा अर्धाच भाग, उरलेला अर्धा म्हणजे गाडीचा पत्रा. केबलची जाळी बुडाशी त्या पत्र्याला भिडली पाहिजे, उघड्या लोखंडाला. मध्ये रंगाचा पापुद्रा जरी आला तरी काम बिघडतं. आणि मडगार्डच्या आतून १९९१ चा रंग जाड बसला होता. चकतीचे दात त्यातच रुतले होते.

"द्या इकडे," म्हणून बाबाने पॉलिश पेपर घेतला आणि पाठीवर झोपून चाकामागे शिरला. गुडघेदुखी विसरून. वरचा रंग निघाला, खालचा आला, तो १९७८ चा असणार. मग करडा प्रायमर. मग चकचकीत पत्रा. नट पुन्हा आवळला, वरून ग्रीस लावलं. काकांनी मीटर लावला.

"लागला अर्थ."

आणि गाणं लागलं. कुठलं, ते मला आता आठवत नाही, खरंच. आवाज आठवतो. पत्र्याच्या डॅशबोर्डमधून येणारा, थोडा डब्यातून आल्यासारखा, पण ठसठशीत. आजी खुर्चीतून म्हणाली, "जरा मोठा कर."

अर्थात लगेच आनंदीआनंद झाला असं नाही. इंजिन सुरू केल्याबरोबर टर्रर्र सुरू झालं, अॅक्सिलरेटरबरोबर वाढणारं. ती ठिणग्यांची खरखर. त्यासाठी प्लगला रेझिस्टरवाल्या कॅप आणि इग्निशन कॉइलच्या बॅटरीकडच्या टोकाला एक कंडेन्सर. पॉइंटकडच्या टोकाला चुकूनही लावायचा नाही, गाडी नीट फायरच होत नाही. बॉनेटला बॉडीशी जोडणारी एक अर्थिंगची पट्टीही टाकली. शेवटी सेटच्या बाजूचा छोटा स्क्रू फिरवून अँटेना आणि सेट जुळवायचे. मीडियम वेव्हवर काट्याच्या वरच्या टोकाला एखादं क्षीण स्टेशन धरायचं आणि आवाज सगळ्यात मोठा येईल तिथे थांबायचं. हे काम बाबाने केलं, रात्री दहानंतर, कारण रात्री लांबची स्टेशनं येतात. तासभर तो तो स्क्रू केसभर इकडे, केसभर तिकडे फिरवत होता. लांबचं कुठलं तरी स्टेशन, कुठल्या तरी न कळणाऱ्या भाषेत, येत-जात होतं.

त्या गाडीवेड्या माणसाला बाबाने स्वतःच फोन केला. काय बोलला माहीत नाही, पण डिसेंबरात आरसीच्या नूतनीकरणाचे पैसे भरले आणि जानेवारीत हॅचबॅक गेली. ऑफिसला तो वनाझहून मेट्रोने जातो. "परवडतं," म्हणतो. परवडण्याचा काय संबंध, ते घरात सगळ्यांना माहीत आहे.

२०२४ च्या फेब्रुवारीत अमीन सायानी गेल्याची बातमी आली. रात्री जेवणं झाल्यावर बाबा म्हणाला, "जरा गाडीची बॅटरी बघून येतो." चहाचा कप घेऊन कुणी बॅटरी बघायला जातं का? अर्ध्या तासाने मी गॅलरीतून पाहिलं. पार्किंगच्या ट्यूबच्या उजेडात अँटेना पूर्ण वर होती. काच खाली, बाबाचं कोपर बाहेर. काय लागलं होतं ते तिसऱ्या मजल्यावर ऐकू येत नव्हतं.

मी हाक मारणार होते. मग म्हटलं, नको. तासभर होऊ दे.

तास झाल्यावर मात्र ओरडले, "बाबा, वर येताना अँटेना खाली कर!"

"आहे लक्षात," खालून आवाज आला.